१७ वर्षांनी कपात, वय ४६: पुन्हा उभं राहायचं तर सुरुवात कुठून करावी?

पवनाकाठ

नमस्कार मंडळी. मोठ्या भावासाठी विचारतोय. दादा चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सेवा १७ वर्षं ७ महिने. एकूण पगार ३८ हजार, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४ हजार. एक लाइन बंद झाली, कपातीच्या यादीत त्याचं नाव आलं आणि महिनाअखेरपर्यंत भरपगारी रजेवर घरी बसवलंय. घराचा हप्ता १६,५००. वहिनीची शिवणकामाची थोडी मिळकत आहे. मोठी मुलगी बारावीला, धाकटा आठवीत.

एचआरने छापील राजीनामा हातात दिलाय. सही केली तर सगळा हिशेब आठ दिवसांत, नाहीतर वेळ लागेल, असं तोंडी सांगितलंय. दादाच्या मनात असं आहे की मिळेल तो पैसा घालून एक जुनं व्हीएमसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं) घ्यावं आणि जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट मजुरीवर करून देणं, सुरू करावं. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. तो बोलेनासा झालाय. सकाळी दहापर्यंत अंथरुणात असतो, मित्रांचे फोन उचलत नाही, 'या वयात मला कोण घेणार' एवढं एकच वाक्य. धीर धर, सगळं चांगलं होईल, हे घरी येऊन प्रत्येकाने सांगून झालंय. आता नेमकं काय करायचं ते जाणकारांनी सांगावं.

हजेरीपट

सर्वांत आधी: त्या राजीनाम्यावर सही नको. सही झाली की कागदावर 'कपात' राहत नाही, 'स्वखुशीने सोडली' असं होतं. मग नोटीस-पगार, कपातीची भरपाई, पुन्हा भरती झाली तर मिळणारं प्राधान्य, सगळ्यावर पाणी सोडल्यासारखं होतं. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं पूर्ण झालेल्याला राजीनामा दिला तरी मिळतेच. त्यामुळे 'सही करा, ग्रॅच्युइटी लगेच देतो' म्हणून जे पुढे करतात त्यात ते नवीन काहीच देत नसतात.

कागद घरी आणा आणि एक साधा ईमेल करा: 'मला दिलेला मसुदा मिळाला. मी राजीनामा दिलेला नाही. कपातीचा आदेश आणि हिशेबाचा तपशील लेखी द्यावा.' तीन वाक्यं, त्यापुढे काही नाही. रागाचा एक शब्दही नको, कारण हाच ईमेल उद्या कामगार आयुक्त कार्यालयात पुरावा म्हणून वाचला जाईल.

कायद्याचं सूत्र जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं तेच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात. १७ वर्षं ७ महिने म्हणजे १८. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते आणि नोटीस तीन महिन्यांची. संहितेत पुनर्कौशल्य निधी म्हणून शेवटच्या पगाराच्या हिशेबाने आणखी १५ दिवसांची रक्कम आहे, ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी. ही रक्कम हिशेबाच्या कागदावर बहुतेक वेळा दिसत नाही. विचारून घ्या.

'तुम्ही स्टाफ आहात, कामगार नाही' असं सांगतील. हुद्दा काय छापलाय यावर ते ठरत नाही, रोज हातून काय काम होतं यावर ठरतं. स्वतः मापं घेणारा, तपासणी अहवाल भरणारा माणूस तांत्रिक काम करतो. दुसऱ्यांच्या रजा मंजूर करणं, शिफ्ट लावणं, हेच मुख्य काम असेल तर गोष्ट वेगळी, मग पगाराची मर्यादा आडवी येते. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, वाढीची पत्रं आत्ताच एका फाइलीत लावा. कंपनीची ड्रॉइंग किंवा ग्राहकांची कागदपत्रं मात्र फोनमध्येसुद्धा ठेवू नका, त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

ग्रॅच्युइटी: २४,००० × १५ ÷ २६ × १८ = २,४९,२३१ रुपये. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १७ ने गुणणं. त्यात तेरा हजार आठशे रुपयांचा फरक पडतो. रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. राहिलेला पगार तर वेतन संहितेप्रमाणे कामाच्या दोन दिवसांत. तेव्हा 'वेळ लागेल' या धमकीत फारसा दम नाही. भरपाई कोणत्या पगारावर मोजली, हे लेखी मागा आणि पैसे घेताना पावतीवर 'हक्क राखून स्वीकारले' लिहून तारीख घाला.

राजीनाम्याच्या बदल्यात कायद्याने मिळतं त्याहून ठळक जास्त रक्कम देत असतील तर विचार करायला हरकत नाही. पण आधी रकमेची फोड कंपनीच्या लेटरहेडवर, मग सही.

पीएफ: यूएएन पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण बरोबर टाकलंय का ते बघा. कंपनीने तारीख टाकलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधार-ओटीपीने स्वतः टाकता येते. दहा वर्षांहून जास्त सेवा झालीय, म्हणजे पेन्शनचा हक्क पक्का आहे. ५८ व्या वर्षी पूर्ण, आणि ५० नंतर लवकर घेतली तर दरवर्षामागे ४ टक्के कमी. पीएफची शिल्लक अगदीच नड आल्याशिवाय काढू नका, तिच्यावर व्याज चालू राहतं.

त्याच लाइनवरच्या कंत्राटी मुलांनाही एक निरोप द्या. ज्यांची ईएसआय (कामगार राज्य विमा) कापली जात होती त्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळते. बऱ्याच जणांना माहीतच नसतं. योजना सध्या चालू आहे का आणि पात्रता काय, ते शाखा कार्यालयात जाऊन विचारायचं.

जमाखर्च

वरचा ग्रॅच्युइटीचा आकडा घेऊनच पुढे जातो. हप्ता १६,५०० आणि शिक्षण धरून घरखर्च समजा १८,०००. महिन्याला ३४,५००, सहा महिन्यांचे २,०७,०००. म्हणजे ग्रॅच्युइटीतला बहुतेक पैसा सहा महिने घर चालवण्यासाठीच लागणार. हे एकदा कागदावर मांडून दादांना दाखवा, व्हीएमसीचा प्रश्न पुष्कळसा तिथेच सुटेल. ३४,५०० च्या सहा ठेवी करा, दर महिन्याला एक मोकळी होईल अशा बेताने. खात्यात एकगठ्ठा दोन-अडीच लाख दिसले की नातेवाइकांची उसनवारी, मुलीच्या क्लासची आगाऊ फी, अशा वाटांनी ते पाझरतात. महिन्याला एकच ठेव मोडली की घराला पगाराची सवय राहते.

ग्रॅच्युइटी घालून गृहकर्ज उतरवू नका. बँकेत गेलेला पैसा परत हातात येत नाही, आणि आत्ता हातातला पैसा महत्त्वाचा आहे. पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या: कर्ज खाते क्रमांक, नोकरीचा शेवटचा दिवस, महिन्याला किती भरू शकतो (आकडा घाला, उदाहरणार्थ ९,०००), आणि मुदत वाढवून हप्ता कमी करावा ही विनंती. पोच घ्या. हप्ता चुकण्याआधी आलेल्या माणसाशी बँक एका पद्धतीने बोलते, चेक परत गेल्यावर दुसऱ्या. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, त्यानंतर तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. क्रेडिट कार्डावर घर चालवू नका. महिना तीन-साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास.

कंपनीची सामूहिक आरोग्य विमा पॉलिसी बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत 'मायग्रेशन' मागता येतं, म्हणजे जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत पुन्हा शून्यापासून मोजत नाहीत. अर्ज मात्र पॉलिसी चालू असतानाच करायचा. या आठवड्यातलं हे सर्वांत तातडीचं काम समजा.

व्हीएमसीबद्दल. मशीन बंद पडल्याने बुडालेले थोडे. जास्त जण बुडतात ते मशीन चालू आणि पेमेंट अडकलेलं असल्याने. मोठा पुरवठादार ६० ते ९० दिवसांनी पैसे देतो, पण ऑपरेटरचा पगार, वीजबिल, टूलिंग आणि गाळ्याचं भाडं दर महिन्याला उभं असतं. तीन महिन्यांचा हा खर्च मशीनच्या किमतीशिवाय बाजूला नसेल तर सुरू करू नका. आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान धरून कोणी गणित मांडत असेल तर दोन गोष्टी ऐका. आधीपासून सुरू असलेल्या उद्योगाला ते मिळत नाही, आणि मंजूर झालेलं अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत मुदत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं.

हौस असेल तर आधी एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधलं दुसऱ्या पाळीत रिकामं पडणारं मशीन तासावर घ्या. चार महिने स्वतः ऑर्डर आणून बघा. ऑर्डर टिकली तर मशीन कधीही घेता येतं.

एक सावधगिरी. नोकरी लावतो म्हणून नोंदणी फी, गणवेशाची अनामत, ट्रेनिंगचे पैसे मागणारा फोन आला की तो फसवा समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

उंबरठा

भावाच्या बोलेनासं होण्याबद्दल लिहिते, कारण तो प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात आणि खरं तर तोच पहिला आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं कापड गिरणीचं गाव होतं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी तिथे जाऊन बारीक नोंदी केल्या. लोकांना वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. रस्त्यावर पुरुषांची चाल मंदावली, ते मध्येमध्ये थांबायला लागले. बायकांची चाल मात्र तेवढी मंदावली नाही, कारण घरातली कामं संपली नव्हती, त्यांच्या दिवसाला आकार होता. पुढे याहोदाबाईंनी यावरून मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: वेळेची चौकट, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून साधायचं काही, समाजातली ओळख आणि हातांना नियमित काम. कारखान्याचं गेट बंद झालं की या पाचही एका दिवसात जातात. दहापर्यंत अंथरुणात पडणं हा आळस नाही, चौकट गेल्याची खूण आहे. म्हणून उमेदीचं भाषण देण्याआधी चौकट परत बसवा.

पहिल्या पाळीला उठायचे त्याच वेळी उठणं. अंघोळ, डबा (हो, डबाच) आणि नऊच्या आत घराबाहेर. जायचं कुठे? महापालिकेच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत. नोकरी शोधायचं काम दिवसाला तीन तास, त्याहून जास्त नको. आठ-आठ तास पोर्टल चाळलं की नकारच नकार दिसतात आणि दुसऱ्या आठवड्यात माणूस ते सगळंच सोडून देतो. वहीत मोजायचं ते आपल्या हातात असलेलंच: आज किती जणांना फोन केले, किती ठिकाणी प्रत्यक्ष गेलो. 'किती उत्तरं आली' हा रकाना ठेवायचाच नाही. दुपारनंतर दोन तास हाताने करायचं काम, घरातला गळका नळ दुरुस्त करणं असलं तरी चालेल, पण संध्याकाळी पूर्ण झालेलं दिसायला हवं.

घरच्यांसाठी एक नियम. रोज संध्याकाळी 'काही झालं का?' विचारू नका. तो प्रश्न प्रेमाचा असतो, पण ऐकणाऱ्याला रोजची परीक्षा वाटते. रविवारी सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं ठरवून घ्या, त्यात पैसा आणि नोकरी दोन्ही बोला, मुलीलाही बसवा. बारावीच्या पोरीला सगळं कळत असतं. सांगितलं नाही तर ती त्याहून वाईट कल्पना करते. वाक्य सरळ ठेवा: 'लाइन बंद झाली, बाबांची नोकरी गेली, सहा महिन्यांची सोय केलीय, तुझी फी त्यात धरलीय.'

मित्रांचे फोन उचलत नाहीत ना, मग फोन करायचा आग्रह नको. त्यांच्यातल्या एकाला घरी बोलावा आणि काम सांगून बोलवा. 'दादाला भेटायला ये' म्हणून नको. 'गाडीचा ब्रेक जरा बघून दे' म्हणून बोलवा. शेजारी बसून काही करताना पुरुष बोलतात, समोरासमोर बसवलं की गप्प होतात.

दोन आठवड्यांहून जास्त झोप तुटलेली, जेवण कमी, दुपारी दारू सुरू झालेली, 'मी तुमच्यावर ओझं आहे' असं बोलणं, विम्याचे कागद काढून ठेवणं, यातलं काही दिसलं तर आडून विचारू नका. 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा कक्ष असतो, तिथे सोबत जा.

मायक्रॉन

'या वयात कोण घेणार' याला मी उत्तर देतो.

भोसरी, तळवडे, चाकणच्या शेडमध्ये दहा-पंधरा माणसांची वर्कशॉप पुष्कळ आहेत. मालक स्वतः उत्तम मशीनिस्ट असतो, पण कागदाचं काम त्याला जमत नसतं. ग्राहक पीपॅप (नवा पार्ट मंजूर करून घ्यायच्या कागदांचा संच) मागतो, त्यात १८ घटक. कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता) दुसऱ्याच्या पार्टचा कॉपी केलेला, त्यावर जुना पार्ट नंबर तसाच. गेज आर अँड आर (मोजमाप किती भरवशाचं याची चाचणी) मागितलं की आकडे मनाने भरलेले. १० पार्ट, ३ माणसं, ३ वेळा, म्हणजे ९० मापं प्रत्यक्ष घेतली तर निकाल १० टक्क्यांच्या आत (चांगला) येईल की ३० च्या वर (नापास) जाईल ते कळतं. मनाने भरलेले आकडे अनुभवी ऑडिटर दोन मिनिटांत ओळखतो, कारण तिघांचीही मापं नको इतकी जुळतात. अशा मालकाला पूर्णवेळ क्वालिटी इंजिनियर परवडत नाही. त्याला महिन्यातून चार दिवस येणारा जाणता माणूस हवा असतो. अशी पाच वर्कशॉप धरली की वीस दिवस झाले.

दराचा हिशेब: ३८,००० ÷ २६ = साधारण १,४६० रुपये रोज. स्वतंत्र माणसाला पीएफ नाही, रजा नाही, विमा नाही, मोकळे दिवसही जाणार, म्हणून त्याच्या साधारण पावणेदोन पट. २,५०० रुपये रोज मागावेत. 'सध्या ओळख व्हावी म्हणून पाचशेत करतो' ही चूक करू नका, तो आकडा वर्षभर चिकटून बसतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) आधारवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. ती असली की ४५ दिवसांच्या पुढे थकलेल्या बिलावर कायद्याने व्याज मागता येतं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही.

नोकरीच हवी असेल तर बायोडेटातून 'मेहनती, प्रामाणिक' काढून टाका. त्या जागी: कोणते पार्ट, किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक), कोणती साधनं, रिजेक्शन किती पीपीएमवरून (दहा लाखांमागे किती नग) कितीवर आलं, किती ग्राहक-ऑडिट सांभाळले. सीएमएम (संगणकावर चालणारं मापन यंत्र) फक्त चालवता येत असेल तर प्रोग्रॅमिंग शिका, पीसी-डीमिस किंवा कॅलिप्सो या सॉफ्टवेअरवर. इन्स्पेक्टर आणि प्रोग्रॅमर यांच्या मागणीत मोठा फरक आहे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण दोन-तीन दिवसांचं असतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे लहान कोर्स बघा. इंजिन-गिअरबॉक्सच्या पार्टपुरतं अडकून राहू नका, मापनशास्त्र पंप-व्हॉल्व्हला आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांनाही तेवढंच लागतं.

आणि शनिवारचे दोन तास आयटीआयच्या पोरांसाठी काढता आले तर बघा. खासगी आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर निदेशक लागतात, कायम व्हायचं तर सीआयटीएस हे निदेशकांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. पोरं मायक्रोमीटर मुठीत दाबून धरतात आणि थिंबल (फिरवायचा भाग) पिळून माप घेतात. त्यांना फ्रेम धरायला, आधी शून्य तपासायला, टोकाच्या रॅचेटचे (जादा दाब पडू न देणाऱ्या फिरकीचे) तीन टकटक ऐकून थांबायला शिकवायचं. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा एका अंशाने तापला की मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) थोडा जास्त वाढतो, हे हातात धरून ठेवलेला पार्ट आणि ग्रॅनाइटच्या फरशीवर ठेवलेला पार्ट शेजारी मोजून दाखवलं की पोरांचे डोळे मोठे होतात. सतरा वर्षांची नजर अशी दुसऱ्याच्या हातात उतरताना दिसली, की 'मला कोण घेणार' हा प्रश्न निदान त्या दोन तासांत तरी मनात येत नाही.

पवनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल गेला, विम्याचा अर्जही आज दिला. दादाने मायक्रॉन यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि 'नव्वद मापं कोण घेतं खरंच' एवढं बोलला. गुरुवारी तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये जायचं ठरतंय. पहिल्या भेटीत नेमकं काय करावं?

मायक्रॉन

स्वतःचा डिजिटल व्हर्नियर, ०-२५ चा मायक्रोमीटर, वही आणि सेफ्टी शूज. बायोडेटा पिशवीतच राहू द्या. मालकाला एकच विचारायचं: 'गेल्या तीन महिन्यांतल्या डेबिट नोट दाखवाल का?' म्हणजे खराब मालापोटी ग्राहकाने पैसे कापल्याचे कागद. त्याचे पैसे कुठे गळतात ते त्यांवर असतं. सगळ्यात मोठ्या रकमेची नोट ज्या पार्टची, तो एकच पार्ट घ्या. पाच नग, प्रत्येक दोनदा मोजा. त्यांच्या गेजवरची कॅलिब्रेशनची तारीख बघा. बऱ्याचदा गडबड तिथेच असते, गेज झिजलेला आणि स्टिकर दोन वर्षांपूर्वीचं. सापडलं ते अर्ध्या पानात लिहून तिथेच द्या, खाली चार दिवसांचा दर. पहिली भेट मोफत, दुसरी नाही, हे जाण्याआधी फोनवरच सांगायचं. जुन्या कंपनीचे पार्ट तिथे चालू दिसले तर त्यांना हात लावू नका. आणि सकाळी अकराच्या आत पोहोचा, जेवणानंतर मालक डिस्पॅच आणि बँकेच्या मागे असतो.